तिमिरकाचा पाय

माझ्या लहानपणी आमच्या ओटीवरच्या टीव्हीत एक माणूस पाच वेळा मेला, आणि पाचही वेळा त्याची बायको तिथेच, उंबऱ्याशी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. एकदा तो लाव्हारसात पडला, एकदा बर्फात गोठला, एकदा त्याचं यान फुटलं, एकदा त्याच्याच यंत्रमानवाने त्याला चिरडलं आणि एकदा त्याला सरळ सूर्यात फेकून दिलं. हे कुणाला सांगितलं की माणसं हसतात, आणि हसावंच, कारण तेव्हा आम्हीही हसायचो. मेला तो तिमिरक, 'नभरक्षक' नावाच्या हिंदी मालिकेतला दुष्टांचा राजा. त्याच्या काळ्या रबरी अंगरख्यात जो खराखुरा माणूस उभा असायचा तो देवजी, आमच्या वाडीत चिकू उतरवणारा गडी. आणि उंबऱ्याशी बसलेली ती त्याची बायको, लखमी.

मालिका रविवारी सकाळी लागायची आणि कितीतरी वर्षं लागत राहिली. घोलवडला आमच्या आळीत रंगीत टीव्ही पहिला आला तो आमच्याकडे, त्यामुळे रविवारी ओटी भरून जायची. आळीतली पोरं आत, सतरंजीवर. वाडीतली माणसं बाहेर अंगणात उभी राहून खिडकीच्या गजांतून बघायची. लखमी मधेच, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला. ती आत का बसत नाही हे मी तेव्हा कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला लाज वाटते. आतून बोंबलाच्या भुजण्याचा वास यायचा, लसूण आणि हिरवी मिरची नुसती चुरडून टाकलेली, आणि आई पळी हातात घेऊनच दारात येऊन उभी राहायची. "मेला का गं तो?" असं विचारायची आणि मेला नसेल तर परत आत जायची. पाठीमागे शेडमध्ये चिकू धुवायचा लाकडी पिंप खडखड फिरत असायचा, कारण झाडाला रविवार कळत नाही. त्या खडखडीत टीव्हीचं बोलणं अर्धं बुडायचं. पण तिमिरक येणार हे कळायला बोलणं लागतच नव्हतं.

आधी त्याचा पाय ऐकू यायचा. काळोखा बोगदा, पडद्यावर काहीच नाही, आणि ठक्. मग फर्र. ठक्. मग फर्र. एक पाय पडायचा आणि दुसरा त्याच्यामागून ओढत यायचा, आणि तेवढ्यानेच सतरंजीवरची लहान पोरं मोठ्यांच्या मांडीत शिरायची. त्याचा चेहरा कधी कुणी पाहिला नाही, कायम मुखवटा. आवाज तर देवजीचा नव्हताच, तो मुंबईत कुणी भारी घशाचा माणूस नंतर भरायचा. देवजीची होती ती फक्त चाल. डोकं जरा मागे टाकून, वर बघत, डावा पाय कमरेपासून ओढत यायचं. अख्ख्या देशातली पोरं तेव्हा शाळेच्या मैदानावर तसं लंगडत एकमेकांच्या अंगावर जायची. त्यांना वाटायचं, कुणा मोठ्या नटाने डोकं चालवून ही चाल बसवलीय. कुठला नट आणि कसलं काय! डोकं मागे होतं कारण पंधरा वर्षं त्याने वर चिकूंकडे बघत दिवस काढले होते. आणि पाय ओढत होता कारण तो आमच्या झाडावरून पडला होता.

ते पडणं मी पाहिलं नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. नोव्हेंबरात अवेळी पावसाची एक सर येऊन गेली होती. ट्रक स्टेशनच्या रस्त्याला उभा होता आणि माल चार पेट्या कमी पडत होता. देवजी बाबांना म्हणाला, "शेट, फांदी ओली हाय." बाबा म्हणाले, "तुला काय नवीन आहे का रे? दोन फांद्यांचा तर प्रश्न." तो चढला. चिकूची फांदी ओली झाली की साबणासारखी होते, आणि वरून एका हातात झेल्याची काठी, म्हणजे टोकाला जाळी लावलेला लांब बांबू. तो पडला तो मांडीवरच पडला. हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांबूच्या कामट्या बांधून पाय बसवला, आणि तो वाकडा बसला. बाबा वाईट माणूस नव्हते हो. त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही, शेडमध्ये चिकू निवडायला बसवलं. पण त्या झाडाखालून जाताना ते कायम घाईत असायचे, आणि त्या नोव्हेंबराबद्दल आमच्या घरात त्यांच्या तोंडून एक अक्षर कधी निघालं नाही.

बसून निवडायचं काम देवजीला मानवलं नाही. लखमीचं माहेर वेवजीचं, तिचा भाऊ राज्याच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या बाजूच्या स्टुडिओत टेम्पोने प्लायवूड पोचवायचा. त्याच्या ओळखीने देवजी तिथे सामान उचलायला लागला. घोलवडहून पुढचंच तर स्टेशन, सकाळच्या शटलने जायचा आणि संध्याकाळच्या शटलने यायचा. एक दिवस तो थर्माकोलचा डोंगर खांद्यावर घेऊन जात होता, आणि दिग्दर्शकाने ओरडून सगळ्यांना थांबवलं. देवजीला वाटलं, झालं, आता हाकलतोय. दिग्दर्शक म्हणाला, परत चाल. मग म्हणाला, आता डोंगर खाली ठेव आणि चाल. देवजी ही गोष्ट सांगताना पुढे म्हणायचा, "मी मनात म्हटलं, याचं डोकं फिरलंय. लंगड्याला कोन चालायला सांगतंय?" दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर रबर चढवलं.

पहिल्यांदा तिमिरक मेला तेव्हा लखमीने शेंगांचं सूप टाकलं आणि पदर तोंडात घालून उभी राहिली. टीव्हीत तिचा नवरा लाव्ह्यात बुडत होता, आणि तोच नवरा खिडकीपाशी उभा राहून विडी ओढत स्वतःचं मरण बघत होता. "अगो मी हितं हाय!" तो म्हणाला. सगळे हसले, पण आई हसली नाही. आई तिला हाताला धरून आत देवापाशी घेऊन गेली, कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटीत एक नारळ घातला आणि म्हणाली, "खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं. घाबरू नकोस." तेव्हापासून तो रिवाजच पडला. तिमिरक मेला की आई करंडा घेऊन बाहेर यायची, आणि टीव्हीवर जाहिरात सुरू व्हायच्या आत लखमीचं कपाळ लाल झालेलं असायचं. पुढे पुढे शेजारच्या बायकाही तिला कुंकू लावायला लागल्या. सूर्यात फेकला त्या रविवारी तर ओळीने सात जणींनी लावलं, आणि लखमी म्हणाली, "आता हे शंभरी गाठणार, मना नको झालंय."

आता माझं सांगते. मी तेव्हा सातवीत होते, अभ्यासात बेताची, दिसण्यात बेताची, आणि वर्गात मला विचारत कुणी नव्हतं. तिमिरकाने मला माणसांत आणलं. आमच्या वाडीतला गडी तिमिरक आहे म्हटल्यावर डहाणूहून येणाऱ्या मुलीसुद्धा माझ्याशेजारी बसायला भांडायच्या. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आमच्याकडे फोन होता. अर्ध्या आळीचा आणि देवजी-लखमी राहायचे त्या सगळ्या पाड्याचा पी. पी. नंबर, म्हणजे निरोपासाठी द्यायचा शेजारचा नंबर, आमचाच. फोनशेजारी खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असायची. कुणाचा निरोप आला की त्याचं नाव आणि दोन शब्द पाटीवर लिहायचे आणि निरोप पोचवून आलं की पुसायचे, हे काम माझं. स्टुडिओचा फोनही तिथेच यायचा. म्हणजे तिमिरक मेला तो खरा मेला की परत येणार, हे सगळ्या देशात आधी मला कळायचं! मी वर्गात नुसती भुवई वर करायची आणि पोरी हातापाया पडायच्या. एवढं मोठं मला त्यानंतर कुणी कधी मानलं नाही, अगदी मी मुख्याध्यापिका झाले तेव्हासुद्धा.

सूर्यात फेकल्यानंतर मात्र स्टुडिओचा फोन आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. मालिकेत एक नवीन दुष्ट आला, हिरव्या डोळ्यांचा, धडधाकट पायांचा. वर्गात पोरी म्हणायला लागल्या, संपला तुझा तिमिरक, राख झाली त्याची. माझी शेजारीण बाक बदलून पुढे गेली. मी घरी येऊन रडले तर आई म्हणाली, "अगं तो देवजी बसलाय ना बाहेर, जिवंत! रडतेस कुणासाठी?" बरोबर होतं तिचं. पण मला देवजी नको होता, मला तिमिरक पाहिजे होता.

त्याच दिवसांत डहाणूला एका शाळेच्या हॉलमध्ये हाडांच्या डॉक्टरांचं शिबिर झालं. मुंबईचे मोठे सर्जन आले होते. लखमी देवजीला जवळजवळ ओढतच घेऊन गेली, आणि फॉर्मवर लिहायला म्हणून मलाही बरोबर नेलं. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, दाबला, फिरवला, देवजीला हॉलभर चालवलं. ते मालिका बघत नसावेत, कारण चाल बघून ते हसले नाहीत, घाबरलेही नाहीत. ते म्हणाले, हाड चुकीचं जुळलंय, परत मोडून सरळ बसवावं लागेल, पण वय आहे तोवर होईल, माणूस नीट चालेल. खर्च संस्था करणार. मुंबईत खाट मोकळी झाली की फोन करतील, आणि फोन आला की दोन दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर खाट पुढच्याला जाईल. फोन नंबर मीच लिहिला, आमचा, ठळक अक्षरात. परत येताना लखमी बसमध्ये देवजीला म्हणाली, "झाडावर नका चढू. नुसतं माझ्यासंगती जत्रेला सरळ चाला, बास." देवजी खिडकीबाहेर बघत होता. तो हळूच म्हणाला, "चालेन." लखमीने पदराने तोंड पुसलं, पण ती हसत होती.

मग ती रोज यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत एकदा, काम सुटल्यावर एकदा. "फोन आला काय गो बाय?" मी म्हणायची, "नाही गं लखमी." ती पाटीकडे बघायची, वाचता येत नव्हतं तरी, आणि जायची.

परीक्षा संपल्या होत्या, ताडगोळ्यांचे दिवस होते. बाबा बाजाराला गेले होते, आई शेडमध्ये होती. अकराच्या सुमारास फोन वाजला. बाईचा आवाज, घाईतला, पण चांगला. देवजी यांना निरोप द्याल का, खाट मोकळी झाली आहे, परवा संध्याकाळपर्यंत दाखल व्हायचं, शिबिराचा कागद बरोबर आणायचा. मी म्हटलं, "हो, सांगते." पाटीवर लिहिलं: देवजी, दवाखाना, परवा. चपला घातल्या. पाडा वाडीच्या मागेच, धावत गेलं तर पाच मिनिटं. पण ऊन मी म्हणत होतं, आणि म्हटलं, लखमी दुपारी येईलच की. मी चपला काढल्या. त्या चपला काढल्या नसत्या तर, असं मी किती वेळा मनात म्हटलंय! पण खरं सांगायचं तर चपलांचा दोष नाही.

अर्ध्या तासाने परत फोन वाजला. स्टुडिओचा. तिमिरक सूर्यातून परत येतोय, पंधरा भाग, गुरुवारपासून शूटिंग, देवजीला पाठवा. मी विचारलं, "तोच ना? तोच चालणार ना?" पलीकडचा माणूस हसला. "वही चलेगा, बेबी. उसके जैसा और कौन चलता है?" मी फोन ठेवला आणि ओटीवर गोल गोल नाचले. मग पाटीसमोर येऊन उभी राहिले. वर लिहिलं होतं दवाखाना. त्याच्याखाली लिहायचं होतं स्टुडिओ. पुढे आहे ते मी कुणावर ढकलणार नाही. कुणी मला सांगितलं नाही, फसवलं नाही, आणि सातवीतल्या मुलीला दोन आणि दोन चार समजतात. पाय सरळ झाला तर चाल गेली, चाल गेली तर तिमिरक गेला. मी तळहात ओला केला, वरची ओळ पुसली, आणि तिच्याच जागी, ओल्या पाटीवर, स्टुडिओ लिहिलं. खडूची अक्षरं नीट उमटेनात, म्हणून ती दोनदा गिरवली.

लखमी जेवणाच्या सुट्टीत आली. मी तिला स्टुडिओचं सांगितलं. तिला आनंद झालाच, नाही असं नाही. "आणि दवाखान्याचा?" "नाही आला." ती गेली. संध्याकाळी परत आली. मला वाटलं, हिला कळलं. ती म्हणाली, "बाय, हे गुरवारपासून जायचेत शूटिंगला. मधेच दवाखान्याचा आला तर स्टुडिओवाल्याला नाय म्हनू. तू मना लगेच सांग हां. नक्की नाय ना आला?" मी मान हलवली. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी आत गेले, माझ्या वाटणीचे ताडगोळे आईने पातेल्यात झाकून ठेवले होते ते घेतले, नखाने एकेकाची साल काढली, सहाच्या सहांची, आणि वाटीत घालून तिला दिले. तिने तिथेच, उंबऱ्याशी बसून खाल्ले. ताडगोळ्यातलं पाणी तिच्या हनुवटीवरून ओघळलं आणि तिने ते हाताने पुसलं.

परवाची संध्याकाळ आली आणि गेली. गुरुवारी देवजी शटलने गेला. लखमी पाऊस लागेपर्यंत रोज विचारत राहिली, मग दोन-चार दिवसांनी, मग सोडून दिलं. तिने त्या डॉक्टरला घातलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी शिबिर झालं नाही, ते डॉक्टर परदेशी गेले असं कुणीतरी म्हणालं. तिमिरक परत आला त्या रविवारी मात्र आमची ओटी मावेना. काळोख, आणि ठक्, फर्र. पोरं किंचाळली, मी सगळ्यांत जोरात किंचाळले. माझी बाकशेजारीण परत आली होती, ती मला चिकटून बसली होती. तेवढ्यात माझी नजर लखमीकडे गेली. सगळे मुखवट्याकडे बघत होते, ती एकटी पायाकडे बघत होती. "आता जास्ती फरपटतोय," ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "अगं, नाटक आहे ते." लखमीने शेंग सोलली आणि म्हणाली, "नाय ओ, वयनी. घरी पन तसाच."

मालिका आणखी काही वर्षं चालली आणि एक दिवस बंद पडली. शेवटच्या भागात तिमिरकाला मारलंच नाही, तो नुसता बोगद्यात चालत निघून गेला, त्यामुळे शेवटचं कुंकू राहून गेलं. मी शिकायला डहाणूला, मग पुण्याला, तिथेच नोकरी, तिथेच संसार. वाडी भावाने सांभाळली. मी सुट्टीत गेले की पाड्यावर जायची, लखमी निघताना कधी वाल, कधी सुकट, कधी चार लिंबं पिशवीत घालायची, आणि मी ती घ्यायची. लोक म्हणतात काळ गेला की सगळं पुसलं जातं. माझ्या बाबतीत उलटं झालं. देवजीचा पाय दरवर्षी मला दिसायचा आणि दरवर्षी जरा जास्त आखडलेला असायचा. आधी काठी आली, मग कंबर गेली, मग चार पायांचा वॉकर आला. मी दर वेळी ठरवून जायची की आज सांगायचं, आणि दर वेळी तोंडाला कुलूप. मुलांना खोटं बोलू नका म्हणून प्रार्थनेनंतर रोज सांगणारी बाई मी!

गेल्या मार्चमध्ये देवजीच्या नातवाने मला मोबाइल दाखवला. कुणीतरी 'नभरक्षक'चे तुकडे टाकलेत, आणि खाली शेकडो लोकांनी लिहिलंय: काय चाल होती, काय अभिनय होता, असा दुष्ट परत होणे नाही. देवजी बाहेर खाटेवर होता, त्यालाही ते ठाऊक होतं, आणि त्याला ते आवडत होतं. त्याने नातवाला सांगून पेटीतून तिमिरकाचा एक काळा रबरी हातमोजा काढायला लावला. मोजा कडक होऊन चिरला होता. तो मांडीवर घेऊन देवजी बसला, आणि नातू आत गेला, आणि मी एका दमात सांगून टाकलं. पाटी, ओला तळहात, सगळं. मी रडले नाही. इतकी वर्षं पाठ केलेलं होतं ते.

देवजी बराच वेळ मोज्याची बोटं सरळ करत होता. मग म्हणाला, "आधी कुठला आला?"

"दवाखान्याचा."

"तू सांगितलं असतंस तर मी गेलो असतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

खोटं कशाला बोलू, मी काही वेगळं ऐकायला आले होते. बरं झालं बाय, तिमिरक झालो, नाव झालं, असं काहीतरी. मी म्हटलंसुद्धा, "पण देवजीदादा, तिमिरक..."

"तिमिरक बरा होता," तो म्हणाला. "पन पाय माजा होता." मग मोजा नीट घडी करून उशाखाली ठेवला. "आनि मना कशाला सांगतेस? फोनची वाट मी नाय बघितली. तिनं बघितली. मागं बसलीय, जा."

लखमी परसात बसली होती, पुढ्यात वालाच्या शेंगांचं सूप. आता तिला दिसतं कमी, हाताने चाचपून सोलते. मला पाटावर बसायला सांगितलं. मी बसले आणि हातांना काहीतरी हवं म्हणून मीही शेंगा सोलायला लागले. आणि दुसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, पण या वेळी पाठ केलेलं सगळं विसरले. नुसतंच म्हणाले, "लखमी, दवाखान्याचा फोन आला होता. मी तुला नाही सांगितलं."

तिचे हात चालतच राहिले. वालाचे दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. "कवा?" तिने विचारलं.

"स्टुडिओचा आला त्याच दिवशी. सकाळी."

"मी आलेले त्या दिवशी. दोनदा."

"हो."

"इतकी वर्सं त्या डॉक्टरला मी शिव्या दिल्या," ती म्हणाली. मला वाटलं आता मला देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा आले तवा तू मना ताडगोळे दिलेस. सोलून दिलेस, सहा. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, शेटची पोर गुनाची हाय, न मागता देते."

मग तिने चाचपत माझ्या हातातली शेंग काढून घेतली, आणि सूप आपल्या बाजूला ओढलं.